दुधाविना केकच्या वर्गाबाबत सूचना

मंडळाच्या सर्व सभासदांना कळविण्यात येते की, येत्या रविवारी दुपारी ३ वाजता राजारामपुरीतील आपल्या नेहमीच्या सभागृहात दुधाविना केक करण्याचा वर्ग घेण्यात येईल. शेंगदाणा तेलाचा वास केकला राहतो, म्हणून लोण्याऐवजी सूर्यफुलाचे तेलच आणावे. सोबत मैदा, नारळाचे दूध, खाण्याचा सोडा आणि आपला कोल्हापुरी गूळ बारीक किसून आणावा. व्हिनेगर सोड्यात मिसळताच बुडबुडे येऊ लागतात आणि ते विरण्याआधी भांडे १८० अंशांवर तापलेल्या ओव्हनमध्ये जावे लागते, त्यामुळे उशिरा येणाऱ्यांसाठी थांबता येणार नाही. चॉकलेट आणणाऱ्यांनी वेष्टनावरील घटक अवश्य वाचावेत, कारण गडद चॉकलेटमध्येही दुधाचा अंश असू शकतो आणि वर्गाला येणाऱ्या काही मुलांना दूध अजिबात चालत नाही.

– सचिव