वाळव्याच्या ताईंचे मनापासून आभार

ताई,
स. न. वि. वि.

तुम्हाला न विचारता नाव छापणं बरं नव्हे, म्हणून नुसतं ताई म्हणतो. वडिलांची हळद घेऊन तुम्ही सांगलीच्या मार्केट यार्डात आला होता आणि पट्टीसाठी, म्हणजे विक्रीच्या हिशेबाच्या कागदासाठी, आमच्या अडत दुकानात खोळंबला होता. मी तिथला दिवाणजी.

सौदे संपले की सगळ्यांना एकदमच पट्टी हवी असते आणि नेमका तेव्हाच आमचा उबुंटू (विंडोजसारखीच एक प्रणाली) असलेला कॉम्प्युटर अडून बसायचा. बिलाचा सर्व्हर सापडत नाही, एवढंच सांगायचा. जो बघायला येई तो रीस्टार्ट करून जाई. थोडा वेळ ठीक चाले, पुन्हा तेच.

तुम्ही आल्या आल्या म्हणालात, ‘काका, बंद करू नका. आत्ता बिघडलंय, तर आत्ताच बघू.’ हे आजवर कुणी म्हटलं नव्हतं.

नावावरून पत्ता शोधणारी सेवा, सिस्टमडी-रिझॉल्व्हड, चालूच ठेवून तुम्ही एक ओळ टाइप केलीत: सिस्टमसीटीएल सर्व्हिस-लॉग-लेव्हल, पुढे सेवेचं नाव, पुढे डीबग, म्हणजे सगळं बारकाईनं लिही. लॉगच्या, म्हणजे सेवा लिहिते त्या नोंदींच्या, ० ते ७ अशा आठ पातळ्या असतात, डीबग ही ७ वी, एरवी सेवा ६ वर, म्हणजे इन्फोवर असते आणि बारीकसारीक काही लिहीत नाही, हे तुम्ही समजावलंत. मग नोंदी दाखवणारा जर्नलसीटीएल हा हुकूम लावताच ओळी धबाधब येऊ लागल्या. त्यातल्या एकीवर तुम्ही बोट ठेवलंत. प्रश्न ज्या पत्त्यावर जात होता, तो कधीच काढून टाकलेल्या जुन्या राउटरचा! पहिला डीएनएस सर्व्हर (नावाचा पत्ता सांगणारा कॉम्प्युटर) एकदा जरी गप्प राहिला, तरी सेवा या दुसऱ्या पत्त्याकडे वळायची आणि उत्तराची वाट बघत बसायची. रीस्टार्ट केलं की पुन्हा पहिल्यापासून सुरुवात, म्हणून बरं झाल्यासारखं वाटायचं. तो पत्ता सेटिंगमधून काढला आणि पट्ट्या निघू लागल्या.

पण मला जास्त मोलाचं वाटतं ते यानंतरचं. वडील टेम्पोपाशी हाका मारत असतानाही तुम्ही पातळी परत इन्फोवर आणूनच उठलात. या नोंदी साठवणारं जर्नल मुळात डिस्कच्या दहा टक्क्यांपर्यंत, फार तर ४ जीबी जागा घेतं, मग जुन्या नोंदी पुसतं. डीबग तसंच राहिलं तर गर्दीत कामाच्या नोंदी जातील, असं म्हणालात. हा बदल सेवा रीस्टार्ट होईपर्यंतच टिकतो, सगळ्या सेवा चालवणाऱ्या सिस्टमडीची २४७ किंवा त्यापुढची आवृत्ती लागते आणि प्रत्येक सेवा हा हुकूम ऐकत नाही, हेही वहीत लिहून दिलंत. इतक्या घाईत एवढं कोण सांगतं?

शेजारच्या दुकानातल्या मुलांनी ते पान उतरवून घेतलंय. पुढच्या हंगामात वडिलांसोबत आलात तर जेवल्याशिवाय सोडणार नाही.

आपला,
अडत दुकानाचा दिवाणजी
मार्केट यार्ड, सांगली