मेस्त्री काका, क्लचची लिव्हर माझ्या हातात दिलीत त्याबद्दल

काका नमस्कार,

समोर येऊन बोलले असते तर "अहो ताई, त्यात काय एवढं" म्हणून तुम्ही हात पुसत पुढच्या गाडीकडे वळला असता. म्हणून लिहितेय. माझ्या मनातून अजून जात नाहीये ते.

माझी यामाहा आरएक्स १०० मोटारसायकल, १९९५ चं मॉडेल, आरसी माझ्या नावावर, माझ्या पगारातून घेतलेली. क्लच स्लिप व्हायला लागला म्हणून एका गॅरेजला टाकली, नाव घेत नाही. नवीन प्लेटा, नवीन स्प्रिंगा, बिल पण चांगलंच. आणि गाडी ताब्यात घेतली तर लिव्हर एकदम ढिल्ली, ग्रिपला टेकेपर्यंत दाबली तरी क्लच सुटत नाही, पहिला टाकला की गाडी उडी मारतेय आणि सिग्नलला न्यूट्रल काही केल्या लागत नाही. दसरा चौकात ब्रेक दाबून गाडी धरून ठेवायची, मागे केएमटीची बस हॉर्न मारतेय, गाडी बंद पडली की परत किक. परत गेले की ते केबलचा ॲडजस्टर थोडा फिरवून द्यायचे, चार दिवस बरं, परत तेच. मग म्हणे केबल ताणलीय, नवीन टाका. टाकली. मग म्हणे नवीन प्लेटा बसायला वेळ लागतो. शेवटी काय, तर "ही गाडी ९६ ला बंद झाली मॅडम, जुन्या गाडीचं असंच असतं". आणि प्रत्येक वेळी एक वाक्य ठरलेलं, मिस्टरांना पाठवून द्या, त्यांना समजावून सांगतो. एकदा हे खरंच बरोबर आले तर तो माणूस सगळं यांच्याकडे बघून बोलला, लिव्हर दाबून बघायला पण यांनाच सांगितलं. हे स्कूटर चालवतात, क्लचशी यांचा संबंधच नाही! ते मला फार लागलं काका, अजून लागतं.

उद्यमनगरात तुमच्याकडे आले तेव्हा तुम्ही आधी विचारलंत, "गाडी कोण चालवतं?" मी म्हटलं मी. बास, त्यानंतर माझ्याशीच बोललात. लिव्हर दाबल्यावर नेमकं कुठं जड लागतं, गाडी गरम झाली की ढील वाढते का, कुणीही न विचारलेले प्रश्न. ऑइल काढलं ते बोटावर घेऊन उन्हात धरून दाखवलंत, त्यात बारीक चमक होती, लोखंडाची. कव्हर उघडून क्लचचा रॉड बाहेर काढलात आणि माझ्या हातात ठेवलात. टोक निळं पडलेलं, चेपून पसरलेलं. तुम्ही म्हणालात, क्लचच्या दोन रॉडच्या मधी छर्रा, म्हणजे लोखंडाची गोळी असते, एक रॉड क्लचबरोबर फिरतो, दुसरा फिरत नाही, छर्रा नसला की लोखंडावर लोखंड घासतं आणि झिजेल तशी ढील वाढत जाते. वाटाण्याएवढा छर्रा! क्लच खोलताना रॉडबरोबर निसटून पडला असेल आणि कुणी शोधलाच नाही, वर आतला स्क्रू आवळून ते झाकलं. केबल कितीही ओढली असती तरी काय होणार होतं?

मला राग आला होता, तुम्ही मात्र त्यांना एक वाईट शब्द बोलला नाहीत. "गडबडीत राहतंय कधी कधी" एवढंच. दुसऱ्याच्या कामाला नावं ठेवून स्वतःचं बिल वाढवणारे खूप बघितलेत, तुमच्यासारखे कमी. पण आहेत. ज्याला काम येतं त्याला समोरच्याला गप्प करायची गरज पडत नाही, हे मला बँकेतल्या काही सिनियर लोकांत दिसलंय, सरकारी दवाखान्यातल्या एका सिस्टरमध्ये दिसलंय, आणि तुमच्यात.

नवीन रॉड, छर्रा, सगळं बसवून झालं आणि आता तुम्ही एक चक्कर मारून बघाल असं मला वाटलं. तुम्ही बाजूला झालात, म्हणालात, "बसा ताई. हात तुमचा हाय, तुम्ही सांगा किती ढील ठेवू." मग खाली बसून तुम्ही नट अर्धा आटा फिरवायचा आणि वर बघून विचारायचं, आता? परत थोडं, आता? माझी बोटं आखूड आहेत, लिव्हर लांब पडते, हे मी कुणाला कधी सांगितलं नव्हतं कारण सांगून काय उपयोग असंच वाटायचं. तुम्ही ते बघूनच ओळखलंत. मागे दोन गिऱ्हाईकं थांबलेली, तरी मी "बास, हे बरोबर आहे" म्हणेपर्यंत तुम्ही उठला नाहीत.

गाडी एक नंबर चाललीय. न्यूट्रल बोटाच्या टोकाने लागतं. मजुरी तुम्ही फारच कमी घेतलीत, ते मला पटलेलं नाही. पाचशे किलोमीटरनंतर ऑइल बदलायला या म्हणालात, तेव्हा येते आणि तो हिशोब तेव्हाच पुरा करते, नाही म्हणायचं नाही.

तुमची,
आरएक्सवाली ताई