लगेजच्या डब्यातल्या सगळ्यांना थँक्यू

लेकीचं पहिलं ग्रुप एक्झिबिशन परवा संपलं, काळाघोड्याला, जहांगीरमध्ये. १९५२ पासूनची ती गॅलरी, कॉलेजात असताना नुसती बघायला जायची, आता भिंतीवर तिचं नाव. चित्रकलेच्या इंटरमिजिएट परीक्षेला ए ग्रेड आली तेव्हा मीच म्हणालो होतो की छंद म्हणून ठीक आहे, पोट कशावर भरणार. आता नातेवाइकांना फोटो मीच पाठवतोय, तेही सकाळी सकाळी.

असो. मांडणीच्या दिवशी डोंबिवलीहून पाच कॅनव्हास न्यायचे होते, एक तर चार बाय तीन फुटाचा, आणि ठरवलेला टेम्पोवाला फोनच उचलेना, बाहेर धो धो पाऊस. मग बबल रॅप, वरून ताडपत्री आणि आम्ही बापलेक लोकलच्या लगेज डब्यात. मासेवाल्या मावशींनी पाट्या सरकवून जागा केली, रंग ओला नाय ना गो म्हणून विचारलं (ऑइल आतून वाळायला महिने लागतात हे त्यांना कोणी सांगितलं देव जाणे), दोन डबेवाले दादा मोठा कॅनव्हास सीएसएमटीपर्यंत उभा धरून होते, आणि टॅक्सीवाल्या काकांनी तो कॅरिअरवर बांधून दिला, मीटरपेक्षा एक रुपया जास्त घेतला नाही. गडबडीत कुणाचं नावही विचारलं नाही. खूप खूप आभार तुमचे!

आणि मावशी, कोपऱ्यातलं ते निळं काय म्हणून विचारत होतात ना, ते ससून डॉक आहे.