घाबरलेला पक्षी देखणा दिसतो

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या वृत्तपत्रात वाचकांनी पाठवलेली पक्ष्यांची छायाचित्रे नियमितपणे प्रसिद्ध होतात आणि मी ती आवडीने पाहतो. गेली बावीस वर्षे मी स्वतः हाच छंद जोपासत आलो आहे, त्यामुळे एका चांगल्या छायाचित्रापायी किती पहाटा खर्ची पडतात याची मला कल्पना आहे. तरीही अलीकडे छापून आलेल्या तीन छायाचित्रांविषयी लिहिल्यावाचून राहवत नाही. एकात टिटवी जमिनीवर पंख पसरून उभी होती, दुसऱ्यात भर दुपारी एक घुबड डोळे विस्फारून थेट कॅमेऱ्याकडे पाहत होते आणि तिसऱ्यात एका उघड्या काटकीवर चार पिल्ले अंगाला अंग लावून ओळीने बसली होती. तांत्रिकदृष्ट्या तिन्ही छायाचित्रे उत्तम होती; फोकस अचूक, प्रकाश योग्य, मागची बाजू स्वच्छ. पण तिन्ही पाहून मी अस्वस्थ झालो.

टिटवी उघड्या जमिनीवर, खड्यांमध्ये मिसळून जातील अशी ठिपक्यांची अंडी घालते. कोणी जवळ आले की ती आधी ओरडते, मग अंगावर येते, पंख पसरते, कधी कधी पंख मोडल्याचे सोंग करून शत्रूला दुसरीकडे नेऊ पाहते. म्हणजे पंख पसरलेली ती सुंदर मुद्रा हा तिने केलेला शेवटचा उपाय असतो. विणीचा हंगाम उन्हाचा असेल, तर तिची ऊब अंड्यांना जितकी लागते त्याहून तिची सावली अधिक लागते. ती अंड्यांवर उभी राहून सावली धरते आणि पोटाची पिसे पाण्यात भिजवून आणून अंडी ओलीही करते. अंड्यातील जीव काही काळ थंडी सोसू शकतो, परंतु वाढलेली उष्णता त्याला फार लवकर मारते. छायाचित्रकार पाच-दहा मिनिटे तिथे उभा राहिला, तर तेवढी मिनिटे ती अंडी थेट उन्हात असतात, आणि तो घरी परततो तेव्हा नेमके काय झाले हे त्याला कधीच कळत नाही.

घुबडाचेही तसेच. दिवसा विसावलेल्या घुबडाचे डोळे मिटलेले किंवा फटीएवढे उघडे असतात आणि अंग सैल असते. अंग बारीक करून ताठ झालेले, शिंगांसारखी पिसे उभारलेले किंवा डोळे पूर्ण उघडून रोखून पाहणारे घुबड आपल्याला सांगत असते की त्याने आपल्याला पाहिले आहे आणि तो प्रसंग त्याला नकोसा आहे. त्यातून ते उडाले, तर भर दिवसा कावळे आणि लहान पक्षी कलकलाट करत त्याच्या मागे लागतात आणि त्याने विचारपूर्वक निवडलेली लपण्याची जागा उघडी पडते.

पिल्लांच्या छायाचित्राबद्दल मला जपून लिहायला हवे. वेड्या राघूसारख्या काही पक्ष्यांची उडायला लागलेली पिल्ले खरोखरच एका फांदीवर दाटीवाटीने बसतात, त्यामुळे ओळीत बसलेले प्रत्येक पिल्लू माणसाने बसवले असा आरोप करणे अन्यायाचे होईल. मात्र ज्यांची शेपटी अजून बोटाच्या पेराएवढीही वाढलेली नाही आणि पोटाची कातडी दिसते आहे, अशी पिल्ले आपण होऊन उघड्या काटकीवर येऊन बसत नाहीत. त्यांना घरट्यातून उचलून मांडले जाते, हे या छंदातल्या जुन्या माणसांना चांगले ठाऊक आहे. उडता न येणारे पिल्लू एकदा बाहेर काढले की परत ठेवूनही अनेकदा घरट्यात टिकत नाही.

अडचणीची गोष्ट अशी की घाबरलेला पक्षी फार देखणा दिसतो. त्याचे दोन्ही डोळे कॅमेऱ्यावर असतात, मान उंच असते, पंख पसरलेले किंवा चोच उघडी असते. निर्धास्त पक्षी बहुधा पाठ फिरवून पिसे साफ करत असतो, डुलकी घेत असतो किंवा पानांच्या आड अर्धा दिसत असतो. निवड करणारा माणूस पक्ष्यांची भाषा जाणत नसेल, तर तो दर वेळी पहिलेच छायाचित्र उचलणार, आणि ते छापून आलेले पाहून पुढचा हौशी छायाचित्रकार तसेच मिळवायला निघणार. चोचीत अळी धरून बराच वेळ एकाच फांदीवर थांबलेला पक्षी हे याचे सर्वांत नेहमीचे उदाहरण आहे. ते छायाचित्र सर्वांना आवडते. प्रत्यक्षात तो पक्षी अनेकदा एवढ्याचसाठी थांबलेला असतो की आपण तिथून हलल्याखेरीज त्याला घरट्यात जायचे नसते, आणि तेवढा वेळ पिल्ले उपाशी असतात. (हुदहुदचा उभारलेला तुरा मात्र दर वेळी भीतीचा नसतो, तो फांदीवर उतरतानाही तुरा उघडतो. तेव्हा छायाचित्र वाचतानाही घाई करू नये.)

घरट्याचे छायाचित्र काढण्याची प्रथा कुठून आली हे पाहिले म्हणजे ती आज किती अनावश्यक आहे तेही ध्यानात येते. इंग्लंडमधील रिचर्ड आणि चेरी किअर्टन या भावांनी १८९२ मध्ये अंडी असलेल्या घरट्याचे छायाचित्र काढले आणि ते या प्रकारातले पहिले मानले जाते. पुढे पक्ष्यांना संशय येऊ नये म्हणून ते पेंढा काढलेल्या बैलाच्या पोकळ कातड्यात शिरून बसत. त्या काळी कॅमेरे अवजड होते, चित्र टिपणाऱ्या काचेच्या प्लेटा हळू होत्या आणि पक्षी हमखास परत येईल अशी एकच जागा होती, ती म्हणजे घरटे. एरिक हॉस्किंग या नामवंत छायाचित्रकाराने १९३७ मध्ये अशाच एका घरट्यापाशी घुबडाच्या हल्ल्यात आपला डावा डोळा गमावला. आज उडत्या पक्ष्याच्या डोळ्यावर आपोआप फोकस धरणारे, सेकंदाला वीस छायाचित्रे टिपणारे आणि शटरचा आवाजही न करणारे कॅमेरे हौशी माणसांच्या हातात आहेत. घरट्यापाशी जाण्याचे जे कारण तेव्हा होते ते उरलेले नाही, सवय मात्र उरली आहे.

अंतराचा हिशेबही सोपा आहे. ३०० मिलिमीटरच्या लेन्सने दहा मीटरवरून पक्षी जेवढा मोठा दिसतो, तेवढाच तो ६०० मिलिमीटरच्या लेन्सने वीस मीटरवरून दिसतो. ज्याच्याकडे मोठी लेन्स नाही त्याने चित्रात पक्षी लहान आणि परिसर मोठा ठेवावा; त्यातून तो पक्षी कुठे आणि कसा जगतो हेही दिसते आणि माझ्या मते असे छायाचित्र अधिक काळ लक्षात राहते. किती मीटरवर थांबावे याचा एकच आकडा सांगता येत नाही, कारण तो जातीप्रमाणे, ऋतूप्रमाणे आणि त्या पक्ष्याला माणसांची किती सवय आहे त्याप्रमाणे बदलतो. तो आकडा पक्षीच सांगतो. चरणे थांबवून मान वर करणे, एकसारखे डोके खालीवर करणे, इशाऱ्याचा आवाज काढणे, शरीर पुढे झुकवणे, उडण्याआधी विष्ठा टाकून हलके होणे, या खुणा क्रमाने दिसू लागतात. पहिली खूण दिसताच जागच्या जागी थांबावे, दुसरी दिसली तर मागे यावे. पक्षी उडाल्यावर थांबण्याला काही अर्थ नसतो. आणि पक्षी जागचा हलला नाही म्हणजे त्याला त्रास झाला नाही असेही समजू नये. घरट्यावर स्थिर बसलेल्या पेंग्विनच्या हृदयाचे ठोके शास्त्रज्ञांनी मोजले आहेत, आणि बाहेरून पक्षी शांत दिसत असतानाही माणूस जवळ आल्यावर ते वाढल्याचे आढळले आहे.

याउलट, आपण आधी जाऊन बसलो आणि पक्ष्याला यायचे की नाही हे त्याच्यावर सोडले, तर तो अनेकदा आपल्या कल्पनेपेक्षा खूप जवळ येतो. गाडीतून न उतरणे, लपणाच्या आत शांत बसणे, पाणथळ जागी ओहोटीच्या वेळी किनाऱ्यावर आडवे पडून भरतीची वाट पाहणे, या जुन्याच पद्धती आहेत. भरतीबरोबर चरणारे पक्षी आपोआप सरकत जवळ येतात. त्यांच्यामागे धावून थवा उडवणाऱ्याने या पक्ष्यांची कमाई कशी असते ते ध्यानात घ्यावे. २०२२ मध्ये उपग्रहाशी जोडलेले यंत्र पाठीवर घेतलेला गॉडविट या चिखलात चरणाऱ्या जातीचा एक तरुण पक्षी अलास्काहून निघून ११ दिवसांत, कुठेही न उतरता, १३,५६० किलोमीटर अंतर कापून टास्मानियाला पोहोचला. असे प्रवास अंगातल्या चरबीवर होतात आणि ती चरबी चिखलात शांतपणे चरण्याच्या तासांतून जमते.

मोबाइलवर पक्ष्याच्या आवाजाचे ध्वनिमुद्रण, म्हणजे ‘कॉल’, वाजवून पक्षी बाहेर काढण्याचा प्रकार तर आता इतका रूढ झाला आहे की काहींना त्यात वावगे वाटतही नाही. विणीच्या काळात नराला तो आवाज प्रतिस्पर्ध्याचा वाटतो. नसलेल्या शत्रूला हुसकावण्यासाठी तो चरणे सोडून, घरटे सोडून, उघड्यावर येऊन गात राहतो, आणि त्याच जागी दिवसभरात चार गट येऊन गेले तर चार वेळा हेच घडते. संशोधनासाठी कॉल वापरले जातात हे खरे, पण तिथे किती वेळ आणि किती वेळा हे ठरलेले असते. घुबडासाठी उंदीर सोडणे किंवा खंड्यासाठी पाण्यात मासे भरलेले भांडे बुडवून ठेवणे, हेही त्याच जातीचे. ड्रोनविषयी एकच घटना पुरेशी आहे. मे २०२१ मध्ये कॅलिफोर्नियातील बोल्सा चिका या राखीव क्षेत्रात सुरय या पाणपक्ष्यांच्या वसाहतीत एक ड्रोन कोसळला, आणि सुमारे तीन हजार पक्षी दीड हजारांहून अधिक अंडी तशीच टाकून कायमचे निघून गेले.

हे सारे मी स्वच्छ हातांनी लिहीत नाही. छंदाच्या सुरुवातीच्या वर्षांत एका झुडपात मला बुलबुलाचे घरटे सापडले होते. समोरची एक डहाळी चित्रात आडवी येत होती, म्हणून मी ती सुतळीने बाजूला बांधली, अर्धा तास छायाचित्रे काढली आणि घाईत ती सुतळी सोडायची विसरलो. दुसऱ्या दिवशी सकाळी घरटे रिकामे होते. पिल्ले कोणी नेली ते मी पाहिले नाही, पण ती डहाळी कोणाच्या नजरेआड काय ठेवत होती हे मला त्या दिवशी समजले. ते छायाचित्र मी कुठेही पाठवले नाही. ते अजून माझ्याकडे आहे.

कायदाही या बाबतीत बराच स्पष्ट आहे. आपल्याकडील १९७२ च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमाने शिकारीची जी व्याख्या केली आहे, तिच्यात पक्ष्यांची अंडी किंवा घरटी विचलित करण्याचाही समावेश होतो. ब्रिटनमध्ये १९८१ च्या कायद्यानुसार विशेष संरक्षित पक्ष्यांना घरट्यापाशी जाणूनबुजून किंवा बेफिकिरीने त्रास देणे हा गुन्हा आहे, म्हणून त्यांच्या घरट्याच्या छायाचित्रणासाठी तिथे आधी परवाना घ्यावा लागतो. पण झुडपाझुडपामागे पहारेकरी उभा करता येत नाही, आणि खरा प्रश्न मागणीचा आहे. जे छापले जाते तेच काढले जाते.

म्हणून माझी विनंती छायाचित्रकारांपेक्षा आपल्याला अधिक आहे. अंडी, घरटे किंवा घरट्यातील पिल्ले दाखवणारी वाचकांची छायाचित्रे आपण स्वीकारू नयेत आणि तसे निवेदन छायाचित्रे मागवतानाच द्यावे. उरलेल्या छायाचित्रांसोबत अंतर, लेन्स, आणि कॉल किंवा आमिष वापरले का, एवढी माहिती मागवावी. खोटे लिहिणारे निघतील, परंतु प्रश्न विचारला गेला की अनेक जण पहिल्यांदाच विचार करतील. दुर्मिळ पक्षी आणि घुबडे यांच्या चित्राखाली जागेचे नाव छापू नये. ‘ई-बर्ड’ ही जगभरातील पक्षीनोंदींची व्यवस्थासुद्धा संवेदनशील जातींची नेमकी ठिकाणे लपवून ठेवते, कारण जागा जाहीर झाली की तिथे रांग लागते. मोबाइलने आणि काही कॅमेऱ्यांनी छायाचित्राच्या फाइलमध्ये नोंदवलेले स्थान आपल्या संकेतस्थळावर चित्र चढवण्यापूर्वी पुसले जाते का, हेही एकदा तपासून घ्यावे. आणि जमल्यास एखाद्या आठवड्यात, पाठमोऱ्या बसून पानांआड पिसे साफ करणाऱ्या एखाद्या साध्या पक्ष्याचे छायाचित्र सर्वांत मोठ्या चौकटीत छापून पाहावे.

कळावे,
आपला नम्र,
एक वाचक