रामगढच्या काकोसांना, त्या चिमट्याबद्दल

काकोसा, खम्मा घणी.

पत्र मराठीत आहे, पण लिपी तुमच्या नातवाच्या पुस्तकातलीच. तो अक्षरं लावून वाचेल. अर्थ निम्मा कळला तरी पुरे.

डिसेंबरातल्या त्या दुपारी जैसलमेरकडच्या वाळवंटात, रामगढच्या पलीकडे तुम्हाला जी बाई सापडली, ती मी. कळसूबाई सात वेळा चढलेली, म्हणून जरा तोऱ्यातच. वाळूने तो तोरा तासाभरात उतरवला. सह्याद्रीत पायाखाली कातळ असतो; इथे एक पाऊल चढावं तर अर्धं घसरून परत. मी मागे पडले, आमचा ट्रेकचा गट टेकडीआड गेला. पैसे घेताना 'पूर्ण जबाबदारी आमची' म्हणणारे आयोजक नंतर काय म्हणाले सांगू? "मॅडम, तुम्हीच हळू चालत होतात." असो.

तुम्ही शेळ्यांमागून आलात. कुठली, एकटी कशी, काही विचारलं नाहीत. आधी माझ्या पायांकडे बघितलंत. मोजे, सलवारीच्या कडा, बुटांच्या नाड्या, सगळीकडे त्या भुरट गवताचे गोळे. आमच्याकडे गवताची कुसळं टोचतात, पण हे काटेरी गोळे मोज्यातून काढावेत तर बोटात रुततात. तुम्ही गळ्यातल्या दोऱ्याला बांधलेला इवलासा चिमटा काढलात, वाळूत बसलात आणि एकेक गोळा उपटायला लागलात. मी पाय मागे घेतला. वडिलांच्या वयाचा माणूस माझ्या पायाशी! मान वर न करता तुम्ही म्हणालात, "बैठ, बेटी." वीसेक मिनिटं गेली असतील. शेवटी मोज्यावरून हात फिरवून पाहिलात, एखादं राहिलं तर नाही ना.

वाट तर कुणीही दाखवली असती हो.

तोवर मी नुसती वाळू बघत होते. मग दिसायला लागलं. खेजडीखाली टेकले तर पानं ओळखीची. अगंबाई, ही तर शमी! गणपतीला वाहायला जिची चार पानं आम्ही बाजारातून विकत आणतो, तिच्या खालच्या फांद्या तुमच्या शेळ्या खुशाल ओरबाडत होत्या. मग तुमची बेरी, वाळूतली ती छोटी विहीर. वर्षाला दोनशे मिलिमीटरही पाऊस नाही, आणि त्या अरुंद विहिरीचं पाणी चक्क गोड. तुम्ही काठीने वाळूत तीन रेघा ओढल्यात: वर वाळू, मध्ये खडिया म्हणजे जिप्समचा थर, खाली खारं पाणी. पाऊस वाळूतून झिरपतो आणि त्या थरावर अडतो, खाऱ्यात मिसळत नाही. मी धरणाच्या जिल्ह्यातली बाई, तोंड उघडं टाकून ऐकत राहिले.

परतताना तिरप्या उन्हात वाळूवर एका भुंगेऱ्याची वाट उमटली होती, धावदोरा घातल्यासारखी. मी थांबले, तर तुम्हीही थांबलात. घाई नव्हतीच तुम्हाला.

अशी माणसं आमच्याकडेही भेटतात, धनगरवाड्यावर, न विचारता ताकाचा तांब्या पुढे करणारी. त्यांचेही आभार मानायचे राहूनच गेलेत.

चहाचे पैसे तुम्ही घेतले नाहीत. म्हणून निघताना खाटेच्या उशाशी नाशिकच्या मनुकांची पुडी ठेवली होती. मिळाली ना? की शेळ्यांनीच फस्त केली?