किल्ली पोरांकडे दे

मिनियापोलिस,
श्रावणातला रविवार

ती. दादा यास,
सा. न. वि. वि.

परवा फोनवर म्हणालास, पेडण्याच्या मुलांसाठी तू सुरू केलेल्या रविवारच्या उपक्रमाला पहिल्या रविवारी बावीस मुलं आली आणि चौथ्या रविवारी पाच. बांद्याहून पत्रादेवीचा नाका ओलांडून रोज गोव्यात पेडण्याला शाळेत जातोस. सुट्टीच्या दिवशीही तोच रस्ता धरलास तो या मुलांसाठी, आणि तीच यायची थांबली. तुझा आवाज ऐकून पोटात तुटलं. फोनवर नीट बोलता आलं नाही, म्हणून लिहिते.

तू पाठवलेल्या फोटोत मागचा फलक दिसतो. व्यसनापासून दूर, मोबाईलपासून दूर, भरधाव गाडीपासून दूर. पेडण्यात ही भीती खोटी नाही. हरमल-मोरजीचा किनारा जवळ आणि मोपाचा विमानतळ २०२३ मध्ये सुरू झाल्यापासून पैसा आणि वर्दळ दोन्ही दारात. पण पंधरा वर्षांच्या मुलाने तो फलक वाचला तर त्याला काय कळेल? की ही माणसं मला बिघडणारा समजतात आणि राखायला आलीत. मी त्याच्या जागी असते तर दुसऱ्या रविवारी आले नसते.

इथे या कामाला ‘पॉझिटिव्ह यूथ डेव्हलपमेंट’ म्हणतात. मुलांमधला दोष शोधायचा नाही, त्यांच्यात आणि त्यांच्याभोवती जे चांगलं आहे ते वाढवायचं. कॅरेन पिटमन नावाच्या बाईंनी नव्वदच्या दशकात मांडलेला विचार मला फार पटतो : मूल कुठल्या भानगडीत नाही, एवढ्याने ते आयुष्याला तयार झालं असं होत नाही. याच शहरातल्या सर्च इन्स्टिट्यूट या संशोधन संस्थेने मुलांच्या वाढीला लागणाऱ्या चाळीस गोष्टींची यादी केली आहे. वीस मुलाच्या आतल्या, वीस भोवतालच्या. घरचा आधार, आईवडिलांखेरीज जवळची मोठी माणसं, वाचनाची गोडी, असं बरंच. त्यात एक आहे : गावाने मुलांना उपयोगाची माणसं म्हणून कामं देणं. तिथे मी थांबले आणि तुझा फलक आठवला.

सई इथल्या फोर-एच क्लबात जाते. ही चळवळ १९०२ मध्ये ओहायोत शेतकऱ्यांच्या मुलांपासून सुरू झाली. अध्यक्ष, सचिव, खजिनदार सगळी मुलंच, त्यांनीच निवडलेली. मागच्या महिन्यात खजिनदार मुलीचा हिशेब चुकला. चौदा वर्षांची पोर, लालबुंद झाली. माझा हात कॅल्क्युलेटरकडे जात होता, शेजारच्या आजीबाईंनी तो हळूच धरला. पोरीने तीनदा बेरीज केली, चूक सापडली, आणि मग सभा पुढे गेली. दहा मिनिटं गेली असतील. आपल्याकडे एवढ्यात कुणीतरी वही ओढून घेतली असती. मीच घेतली असती, दादा.

या क्लबांतल्या मुलांना धरून टफ्ट्स विद्यापीठाच्या रिचर्ड लर्नर यांनी २००२ पासून कित्येक वर्षं अभ्यास केला, सुमारे ७,००० मुलांचा. त्यांच्या मांडणीत चांगल्या उपक्रमाला तीन गोष्टी लागतात : मोठ्या माणसाशी टिकणारं नातं, आयुष्यात उपयोगी पडणारी कौशल्यं, आणि ती वापरून काहीतरी चालवायची, पुढारपण करायची संधी. पहिल्या दोन तुझ्याकडे आहेत. तिसरी नाही. रविवारी काय करायचं ते तू ठरवतोस, पाहुणे तू आणतोस, सभागृहाची किल्लीही तुझ्याच खिशात.

मी नववीत असताना एका कार्यक्रमात आम्हा मुलींना नऊवारी नेसवून स्वागतगीतासाठी उभं केलं होतं, आठवतं? पाहुणे दोन तास उशिरा आले. तो कार्यक्रम ‘युवकांसाठी’ होता आणि आमच्यापैकी एकीलाही व्यासपीठावरून एक शब्द बोलायला सांगितलं नाही. रॉजर हार्ट यांनी १९९२ मध्ये युनिसेफसाठी मुलांच्या सहभागाची आठ पायऱ्यांची शिडी मांडली. तळाच्या तीन पायऱ्यांना ते सहभाग मानतच नाहीत, आणि त्यांतली एक आहे ‘शोभा’. ते वाचलं तेव्हा इतक्या वर्षांनी डोळ्यांत पाणी आलं.

पण हे सगळं अमेरिकेतून आणायची गरज नाही. शिगम्यात ढोल कुणाच्या गळ्यात असतो? सोळा-सतरा वर्षांच्या पोरांच्या. थोरल्याकडून ताल उचलतात आणि दोन-तीन वर्षांत धाकट्याला शिकवू लागतात. नातं, कौशल्य, पुढारपण, तिन्ही त्या एका ढोलात आहेत. चवथीच्या आरतीत वाजणारं घुमटही तसंच. बाबा म्हणतील, “पोरांका काय कळता?” पण रोमट, म्हणजे शिगम्याची मिरवणूक, नाचत गावभर फिरतं तेव्हा बाबाच ओसरीवर उभे राहून बघत असतात.

म्हणून चवथीपर्यंत एवढं करून बघ. उरलेल्या पाच मुलांनाच विचार की गावात त्यांना काय करावंसं वाटतं. ग्रंथालय असेल, फुटबॉल असेल, दशावतार असेल, जे म्हणतील ते. थोडे पैसे दे, वही त्यांच्याकडे, किल्लीही त्यांच्याकडे. वाजवीपेक्षा जास्त खर्च झाला तर होऊ दे. तू मात्र दर रविवारी जाऊन बस, न चुकता. मुलांनी पुढारी म्हणून निवडलेल्या पोराला तू दिसलास की धीर येतो.

आणखी एक, आणि हे मला सगळ्यात जास्त लागलंय. तुझ्या फोटोत एकही मुलगी नाही. फुगडीला गावातल्या मुली जमतातच ना? मग रविवारी का नाहीत? आणि बांधकामांवर कर्नाटकातून आलेल्यांची मुलं तुझ्याच शाळेत शिकतात, त्यांना कुणी बोलावलं का? बोलावणं धाडायचं काम मोठ्यांचं आहे. ते मुलांवर सोडू नकोस.

रोज पत्रादेवीच्या हुतात्मा स्मारकावरून जातोस. १९५५ च्या १५ ऑगस्टला गोवामुक्तीच्या सत्याग्रहात तिथे गोळी झेलणारा कर्नैलसिंग बेनीपाल पंचविशीचाच होता, पंजाबातून आलेला. तिथे एकदा मुलांना घेऊन जा. भाषण करू नकोस, त्यांना आपसात बोलू दे.

आई-बाबांना सा. नमस्कार. वहिनीला सांग, तिने धाडलेली आमसुलं पोचली. चि. ओमला आशीर्वाद. तोही आता तेरावं वर्ष ओलांडेल. चवथीची मखर यंदा त्यालाच करू दे, आणि फोटो तोच पाठवेल असं सांग.

तुझी,
बाय