पटकी, फासणी आणि सलाइन

मा. संपादक,
स.न.वि.वि.

जुन्या साथींवरच्या आपल्या रविवारच्या लेखात, पटकीच्या (कॉलऱ्याच्या) रोग्याची शीर फासून, म्हणजे कापून, रक्त काढणाऱ्या कंपनी सरकारच्या डॉक्टरांना अडाणी ठरवून लेखक मोकळे झाले आहेत. ते अडाणी नव्हते. डोळ्यांना दिसत होते त्याचा त्यांनी उलटा अर्थ लावला.

१८१७ मध्ये बंगालमधल्या जेसोरला भडकलेली साथ पुढच्याच वर्षी दख्खनमार्गे मुंबईत आली. रोग इथे नवा नव्हता. ‘मोडशी’ हे त्याचे आपले जुने नाव पोर्तुगिजांनी उचलले आणि फ्रेंचांनी त्याचे चक्क ‘मॉर द शियँ’, म्हणजे ‘कुत्र्याचे मरण’ केले! टाचेला तापल्या लोखंडाचा डाग देण्याची रीत कोकण-गोव्याकडे होतीच, तेव्हा देशी उपायांचेही फार कौतुक नको.

डॉक्टरला दिसे ते असे: नाडी लागत नाही, अंग गार, नखे निळी, शीर फासली तर रक्त काकवीसारखे काळे, थेंबथेंब येणारे. म्हणजे रक्त आत तुंबले आहे, थोडे काढले की वाट मोकळी होईल. मग हात गरम पाण्यात धरून, चोळचोळून वीस-तीस औंस, म्हणजे ६०० ते ८५० मिली रक्त काढायचे. रक्त घट्ट झाले होते ते अंगातले पाणी गेल्यामुळे. पटकी जोरात असेल तर मोठ्या माणसाच्या अंगातून तासाला लिटरभर पाणी जाते.

जुलाब तांदळाच्या धुवणासारखे पांढरे, म्हणून पित्त अडले असे निदान. त्यावर कॅलोमेल, म्हणजे पाऱ्याचा क्षार, २० ग्रेन (१.३ ग्रॅम), वर ६० थेंब लॉडेनम. कॅलोमेलने शौच हिरवट होई आणि पित्त सुटले म्हणून डॉक्टर खूश होत. वास्तविक ते रेचकच. लॉडेनम हा अफूचा अर्क. त्याने आतडे मंदावून जुलाब थांबल्यासारखे दिसत, पण पाणी आत झिरपून साठतच राही. तहानेने तडफडणाऱ्याला, उलटी वाढेल म्हणून, अनेक जण पाणीही देत नसत.

लेखात सलाइन विसाव्या शतकातले म्हटले आहे, ते चूक आहे. रक्तातले पाणी आणि क्षार घटतात हे आयरिश डॉक्टर ओशॉनेसी यांनी १८३१-३२ मध्ये रक्त तपासून दाखवले. मे १८३२ मध्ये स्कॉटलंडमधल्या लीथ इथे थॉमस लॅटा यांनी एका मरणासन्न वृद्धेच्या शिरेत सहा पाइंट मिठाचे कोमट पाणी सोडले. अर्ध्या तासात नाडी परत आली, चेहऱ्यावर रंग आला. लॅटा निघून गेले, जुलाब पुन्हा लागले, त्यांना कोणी कळवले नाही आणि साडेपाच तासांत बाई गेली. चूक इथेच झाली: जाणारे पाणी मोजून तितके भरत राहायला हवे होते. शिवाय त्यांच्या द्रावणात मीठ आजच्या ०.९ टक्के सलाइनच्या निम्म्याहून कमी होते आणि ते निर्जंतुकही नव्हते. रोगी तसेही दगावत राहिले आणि साथ ओसरल्यावर पद्धत मागे पडली.

एवढी दुरुस्ती छापावी, ही विनंती.

आपला,
एक वाचक